टोपलीत मागे सरकायला जागा नाही

भीमराव पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं होते आणि त्या चौतीस वर्षांत त्यांनी हजारो फोटो काढले. पण एकही फोटो माणसाचा म्हणून काढला नाही. फोटो असायचा भिंतीचा. धरणाची भिंत, कालव्याची भिंत, सांडव्याची भिंत. दर महिन्याच्या पाच तारखेला, त्याच जागी उभं राहून, तेवढ्याच अंतरावरून, तसाच्या तसा फोटो काढायचा. म्हणजे मागचा आणि आताचा शेजारी शेजारी ठेवले की काम किती वर चढलं ते साहेबांना खुर्चीत बसून कळायचं. आता भिंतीची उंची काही नुसती बघून समजत नाही. म्हणून पायथ्याशी कुणाला तरी उभं करायचं. शिपाई असेल तर शिपाई, मुकादम असेल तर मुकादम. माणूस मापाला.

ही सवय कचेरीत राहिली असती तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण कचेरी कुठं संपते ते सवयीला कळत नाही. लग्न झालं, आणि मापाला हिराबाई उभ्या राहू लागल्या. सांचीचा स्तूप आणि पायथ्याशी हिराबाई. अजिंठ्याची अख्खी दरी आणि कठड्याला हिराबाई. महाडचं चवदार तळं चारी बाजूंनी बसावं म्हणून भीमराव एवढे मागे गेले होते, की त्या फोटोवरून घरात अजून वाद होतो.

"आबा, हा पांढरा ठिपका म्हणजे आजी ना?" नात कल्याणीनं एकदा विचारलं होतं.

"तो बगळा आहे. आजी त्याच्या डावीकडे."

हिराबाई हे सगळं हसण्यावारी नेत आल्या होत्या. महापालिकेच्या प्रसूतिगृहात एकतीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेल्या बाईला फोटोचं काय कौतुक असणार? पण त्या डिसेंबरात विहाराच्या महिला मंडळाच्या वेणूबाई घरी आल्या. सावित्रीबाईंच्या जयंतीला हिराबाईंचा सत्कार ठरला होता. स्मरणिका छापायची होती, आणि पहिल्या पानावर हिराबाईंचा फोटो हवा होता.

"हसरा पाहिजे हं," वेणूबाई म्हणाल्या. "पासपोर्टवाला नको. त्यात सगळेच गुन्हेगार दिसतात."

अकरा अल्बम खाली काढले. वेणूबाईंनी चष्मा पुसून पुसून बघितले. धरणं मिळाली, लेणी मिळाली, एक बगळा मिळाला. हिराबाईंचं नाक कुठं आणि डोळे कुठं हे सांगता येईल असा एक फोटो निघाला नाही. दुसऱ्यांनी काढलेल्या लग्नकार्यांच्या फोटोंत त्या कायम पंक्तीत वाढत असायच्या, म्हणजे पाठमोऱ्या.

वेणूबाई गेल्यावर हिराबाई अल्बम परत कपाटात ठेवत होत्या. ठेवता ठेवता थांबल्या.

"अहो, चाळीस वर्षं मी पट्टी म्हणून उभी राहिले. कधी बोलले का?"

"नाही."

"मग आता बोलते. हा फोटो तुम्हीच काढायचा. स्टुडिओत मी जाणार नाही, आणि मोबाइलवर कुणाला काढू देणार नाही. सोमवारी सकाळी वेणूबाई छापखान्यात जाणार आहेत. तोवर नाही जमला, तर माझ्या नावावर रिकामी चौकट छापू दे. लोक विचारतील, तेव्हा मी सांगेन की आमचे हे मोठे फोटोग्राफर होते."

हे त्या हसत म्हणाल्या. पण भीमरावांना त्यातली रिकामी चौकट तेवढी ऐकू आली. त्या रात्री त्यांनी परत एकदा अल्बम काढला आणि भिंग घेऊन बसले. चवदार तळ्याकाठचा तो ठिपका भिंगाखाली मोठा झाला, पण ठिपकाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून प्रयत्न सुरू झाले. पण वारज्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात भीमराव कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि पाय आपोआप मागे जायचे. स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून गॅलरीत. गॅलरीतून काढलेल्या फोटोत ओटा, फ्रिज, पंखा, दोन्ही दारं नीट आली. हिराबाई पिंपाएवढ्या आल्या. आणि जवळ उभं राहून "हस" म्हटलं, की हिराबाईंचा चेहरा इंजेक्शन टोचताना व्हायचा तसा व्हायचा. प्रेमळ, पण आता दुखणार आहे असं सांगणारा.

अशात मुलगा अनिरुद्ध दोन तिकिटं घेऊन आला. हिंजवडीत त्याच्या कंपनीत वाटली होती. गावाबाहेरच्या माळावर गरम हवेच्या फुग्यांचा मेळा भरणार होता, रविवारी पहाटे.

"मला त्या दिवशी काम आहे. आई आणि कल्याणी जाऊ देत फुग्यात. आबा, तुम्ही खालून फोटो काढा."

भीमरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फुग्यात बसल्यावर कोण हसत नाही? हस म्हणून सांगायलाच नको. ती हसेल, आपण बटण दाबू. सोमवारच्या आत काम फत्ते.

रविवारी साडेसहाला तिघं माळावर पोचले. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. माळावर पातळ धुकं होतं आणि त्या धुक्यात बारा फुगे जमिनीवर आडवे पसरले होते, लग्नघरात चादरी वाळत घालाव्यात तसे. दोरांपाशी एक पाटी होती : 'दोर म्हणजे झोका नव्हे. लहानांना समजतं, मोठ्यांनी वाचावं.'

एका भगव्या-जांभळ्या फुग्याचं तोंड दोघांनी धरून ठेवलं होतं आणि मोठा पंखा त्यात हवा भरत होता. तिथं एक तिशीची मुलगी हातमोजे घालून सूचना देत होती. ही तनुजा, त्या फुग्याची पायलट. तिनं तिकिटं बघितली. "धुकं आहे म्हणून मोठी उड्डाणं थांबवलीयेत. पण आमचा फुगा दोरानं बांधलेला असतो. सत्तर फूट वर जायचं, जरा थांबायचं, खाली यायचं. दोनच फेऱ्या करणार, मग वारा सुटेल. तुमची दुसरी."

"आबा, पंख्यानं भरली तर ती थंडच हवा ना? मग हा उडणार कसा?" कल्याणीनं विचारलं. ती पाचवीत होती, आणि उत्तर मिळेपर्यंत जागची हलत नसे.

भीमरावांना असे प्रश्न फार आवडत. ते उकिडवे बसले. "थंडच. आता नुसता आकार देतायत. हा फुगा असेल दोन हजार घनमीटरचा. एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलो धर."

"हवेला वजन असतं?"

"असतं. आपण तिच्यातच राहतो, म्हणून जाणवत नाही. कर गुणाकार."

कल्याणीनं बोटांवर हिशेब केला. "अडीच हजार किलो!"

"आता ज्वाला लावली की आतली हवा तापणार. तापली की पसरणार. पण पिशवी तर तेवढीच. मग जास्तीची हवा जाणार कुठं?"

"खालच्या तोंडातून बाहेर."

"शाबास. साधारण पाचवा हिस्सा बाहेर पडतो. म्हणजे फुगा किती हलका झाला?"

"पाचशे किलो." तिनं डोळे मोठे केले. "म्हणजे तेवढ्यात कापड, टोपली, सिलिंडर आणि आपण!"

"आणि आजीच्या पिशवीतली थालीपीठं," हिराबाई म्हणाल्या.

तेवढ्यात तनुजानं ज्वाला सोडली. घशातून वाघ गुरगुरावा तसा आवाज झाला, आडवा पडलेला फुगा कूस बदलावी तसा हलला आणि हळूहळू उठून उभा राहिला. आतून उजळलेला, साठ फूट उंच. माळावर सगळीकडून "आहा!" निघालं.

भीमराव उभे राहिले. कॅमेरा डोळ्याला लागला, पाय मागे जाऊ लागले आणि तोंडातून शब्द गेले, "हिरा, जरा टोपलीपाशी उभी राहा गं."

हिराबाईही चाळीस वर्षांच्या सवयीनं जाऊन उभ्या राहिल्या. भीमराव तीस पावलं मागे गेले. फुगा टोकापासून बुडापर्यंत बसला. खटकन फोटो निघाला. फुगा असा आला होता, की कुठल्याही साहेबानं सही केली असती.

कल्याणीनं पडद्यावर नाक टेकवलं. "आबा, आजी कुठंय?"

भीमरावांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. आपण कशासाठी आलो होतो आणि काय करून बसलो! तिकडे हिराबाई अजून टोपलीपाशी हात सरळ सोडून उभ्या होत्या, दुसरा काढायचा असेल तर असावं म्हणून.

"अहो, फुगा मोजायला आलात की फोटो काढायला?" शेजारून आवाज आला. सदाशिव पेठेतले निवृत्त शिक्षक शरच्चंद्र तिथं तिकाटण्यावर हातभर लांब कॅमेरा लावून उभे होते. ओळख त्यांनी स्वतःच करून दिली, न विचारता. पहाटे पाचपासून ते बाराही फुगे एका फोटोत यायची वाट बघत होते.

"चेहरा हवाय. मंडळींचा," भीमराव म्हणाले.

"मग झूम करा."

"झूम मी वापरत नाही. त्यानं अंतर खोटं होतं. खात्यात चालायचं नाही."

"खातं आता आहे कुठं? तुम्ही निवृत्त झालात, कॅमेऱ्याला कळवलं नाहीत वाटतं."

भीमरावांना ते लागलं. पण लागलेलं खरं असलं की राग येत नाही. पहिली फेरी वर निघाली होती. टोपलीत एक जोडपं होतं. भीमरावांनी चाळीस वर्षांचं व्रत मोडलं आणि झूम फिरवून त्या अनोळखी बाईंवर नजर लावून बघितली. टोपलीचं बूड दिसलं. वेताची वीण दिसली. कठड्यावर आठ बोटं दिसली, आणि त्यांच्यावर दोन नाकपुड्या.

"खालून माणसाचं एवढंच दिसतं," शरच्चंद्र शांतपणे म्हणाले. "कितीही मोठा माणूस असो."

भीमरावांनी कॅमेरा खाली घेतला. खालून जमत नाही. ती फेरी संपली की हिराची. तिच्यानंतर वारा सुटणार. संध्याकाळी घरी पुन्हा तोच इंजेक्शनचा चेहरा, आणि उद्या सकाळी वेणूबाई दारात.

टोपली खाली टेकली. हिराबाई पदर खोचून, कल्याणीचा हात धरून आत चढत होत्या. भीमराव जवळजवळ धावतच गेले.

"मॅडम, एक जागा असेल का हो? माझं तिकीट नाही. पण मला वर गेलंच पाहिजे."

तनुजानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "वजन?"

"अठ्ठावन्न किलो. बूट धरून एकोणसाठ."

"इतकं चोख पहिल्यांदाच कुणी सांगितलं. या काका. ही छोटी आहे, तिच्या हिश्शाचं वजन तुम्हाला."

टोपली बाहेरून ऐसपैस वाटली होती. आत चार माणसं उभी राहिली आणि भीमरावांना कळलं, की ही फार तर चार फूट बाय साडेतीन फूट, त्यातही दोन कोपऱ्यांत सिलिंडर. डोक्यावर ज्वाला फुरफुरली. टाळू शेकली. आणि काही हिसका नाही, धक्का नाही, जमीनच खाली निघून गेली. दोर ताणले गेले. शरच्चंद्रांची टोपी बटणाएवढी झाली. धुक्यातून वारज्याच्या इमारतींची वरची टोकं डोकावत होती आणि पलीकडे डोंगराच्या कडेला उन्हाची पहिली रेघ लागली होती.

"आई गं!" कल्याणी ओरडली. "आजी, आपण खरंच वर आहोत!"

हिराबाई कठडा धरून बघत होत्या, आणि हसत होत्या. भीमरावांनी लगबगीनं कॅमेरा डोळ्याला लावला. झूम तसाच राहिला होता, काचेत नुसता कान आला. कान आणि कुडी. मग व्हायचं तेच झालं. त्यांचा पाय मागे गेला आणि टाच सिलिंडरवर खणकन आपटली.

"काका, मागे जागा संपली," तनुजा म्हणाली. "त्याच्या मागे थेट वारजे."

खणकन आवाज ऐकून हिराबाई वळल्या. कॅमेरा दिसला. आणि झालं, हसू आवरलं गेलं, मान ताठ झाली. आता दुखणार आहे.

"हस ना गं," भीमराव काकुळतीला आले.

"हसतेय की."

भीमरावांनी झूम परत फिरवला आणि कॅमेरा छातीपर्यंत खाली घेतला. मागे जायला वाट नव्हती, बाजूला सरायला नात होती. समोर दोन फुटांवर हिराबाई. वरून ज्वालेचा नारिंगी उजेड त्यांच्या तोंडावर पडत होता. करायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून भीमराव त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. उजव्या भुवईच्या वर एक आडवी खूण होती. ती त्यांनी चाळीस वर्षं रोज बघितली होती.

"हिरा, ही खूण कशाची गं? विचारायचं राहूनच गेलं."

"ही? लहानपणची. विहिरीच्या कठड्यावरून पडले होते."

"आँ? किती उंच होता कठडा?"

हिराबाईंनी एक क्षण त्यांच्याकडे बघितलं. बघता बघता आधी डोळे बारीक झाले, मग खांदे हलले, आणि मग त्या अशा हसत सुटल्या, की कठड्यावरचा हात सोडून त्यांनी तो कपाळावर मारून घेतला. "अगं कल्याणी, ऐकलंस का! बायको पडली, रक्त आलं, टाके पडले... आणि ह्यांना कठड्याची उंची पाहिजे!"

कल्याणी खिदळली. तनुजा दोराकडे बघता बघता फुसकन हसली. आणि भीमरावांचा हात, दर पाच तारखेला न चुकणारा हात, छातीपाशीच होता तिथून बटण दाबून मोकळा झाला. न बघता, न मोजता.

"काढलात?" हिराबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"काढला बहुतेक."

"मग सांगते. अडीच फूट होता."

खाली उतरल्यावर भीमरावांना पडद्याकडे बघायचा धीर होईना. कल्याणीनंच तो लावला. फोटो किंचित तिरका होता. हिराबाईंच्या केसांचा वरचा भाग कापला गेला होता. एका कोपऱ्यात कल्याणीची अर्धी वेणी, दुसरीकडे दोराचा तुकडा. फुगा तर औषधालाही नव्हता. हा फोटो आकाशात काढला की भाजीच्या ओट्यावर, हे सांगता आलं नसतं. आणि या सगळ्याच्या मधोमध, काठोकाठ भरून, हिराबाई हसत होत्या. सगळे दात, मिटलेले डोळे, कपाळावरचा हात, भुवईवरची खूण, सगळं.

शरच्चंद्रांनी चष्मा वर करून बघितलं. "क्षितिज तिरकं. डोकं कापलंय. उजेड एका बाजूनं." ते जरा थांबले. "मला असा एक काढता आला असता, तर मी पहाटे पाचला इथं येऊन उभा राहिलो नसतो."

 "डोळे मिटलेत पण," भीमराव हिराबाईंना म्हणाले. "नाक-डोळे नीट दिसायला हवे होते ना."

 हिराबाईंनी कॅमेरा दोन्ही हातांत धरला होता, नवजात बाळ धरावं तसा, मानेखाली आधार देऊन. उन्हाची तिरीप पडद्यावर येत होती, म्हणून पदर वर ओढून सावली केली होती. पडदा काळा झाला की त्या म्हणायच्या, "परत लावा." भीमराव बटण दाबून द्यायचे. असं तीनदा झालं.

एवढ्यात भोंग्यावर पुकारा झाला. धुकं निवळलं होतं, मोठी उड्डाणं सुटणार होती. माळावर एकच धावपळ उडाली. शरच्चंद्र तिकाटण्याला जाऊन चिकटले. मोबाइल धरलेले शेकडो हात वर गेले. बाकीचे अकरा फुगे एकामागून एक उजळत उभे राहू लागले.

भीमरावांनी सवयीनं कॅमेऱ्याकडे हात केला. तर पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीची खूण लाल होऊन लुकलुकत होती. दुसरी बॅटरी घरी, चार्जरमध्ये. आतल्या बॅटरीत फार तर दोन मिनिटांचा जीव उरला होता.

"अगं, संपत आली. आता ते सगळे सुटतील..."

"सुटू देत ना," हिराबाई म्हणाल्या. पडदा पुन्हा काळा झाला होता. "परत लावा."

भीमरावांनी एकदा माळाकडे बघितलं. पहिला फुगा जमीन सोडत होता, हिरवाकंच, मागून पिवळा, त्यामागून दोन जुळे निळे. असा योग पुन्हा कधी यायचा! त्यांनी हिराबाईंच्या हातातल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

"दात केवढे दिसतायत माझे," हिराबाई म्हणाल्या. "वेणूबाईंना सांगा, पानभर छापा म्हणावं."

"आबा, वर बघा, वर!" कल्याणीनं बाही ओढली.

भीमरावांनी वर बघितलं. सगळा माळ माना मागे टाकून वर बघत होता. फुगे उन्हात शिरून लाल, हिरवे, पिवळे पेटले होते आणि वाऱ्याबरोबर हळूहळू डोंगराकडे निघाले होते. एकट्या हिराबाई तेवढ्या मान खाली घालून, पदराच्या सावलीत, अजून बघत होत्या.